इकीकेच्या बंदरात एक माणूस कमी

समुद्राच्या काठी आणि वाळवंटाच्या कडेला वसलेलं एक शहर दाखवण्यासाठी मी एकदा दुबई-शारजातल्या अडतीस माणसांना पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला नेलं होतं. ही सगळी माणसं समुद्राच्या काठी आणि वाळवंटाच्या कडेलाच राहत होती. त्यांना काही खटकलं नाही. मला खटकलं होतं, पण मला पगार खटकण्याचा मिळत नव्हता.

दुबईच्या करामा भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी बावीस वर्षं नोकरी केली. पहिली आठ वर्षं काउंटरवर तिकिटं काढली, पुढची अकरा वर्षं टूर मॅनेजर म्हणून फिरले, आणि शेवटची तीन पुन्हा त्याच काउंटरवर, त्याच खुर्चीत. लोक नोकरीत वर चढतात. मी चढून परत खाली कशी आले, ते सांगते.

टूर मॅनेजरबद्दल लोकांची समजूत फार गोड असते. "मजा आहे बुवा तुमची, फुकटात जग बघता!" मी आयफेल टॉवर नऊ वेळा पाहिला, आणि नऊही वेळा त्याच्याकडे पाठ करून, कारण तोंड ग्रुपकडे ठेवावं लागतं. हे काम म्हणजे माणसं मोजणं. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, टॉयलेटला गेलेली वजा करायची, आलेली मिळवायची. कोणत्या राजाने कोणत्या राणीला मारलं, ते लोकल गाइड सांगतो. मोजण्याचा एकच नियम आहे: डोकी मोजायची नाहीत, चेहरे बघायचे. हा नियम मी ऑफिसातल्या तीन नव्या मुलींना शिकवला. मोडला मात्र मीच.

टूर दक्षिण अमेरिकेची होती. चिलीतल्या वालपराइसोहून क्रूझची बोट निघणार, किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेला सरकत पेरूला पोहोचणार, वाटेत चार बंदरं. त्यातलं एक इकीके. ब्रोशरमधलं त्याचं वर्णन मीच लिहिलं होतं. सोनेरी वाळू, निळा समुद्र, किनाऱ्यावर उंच इमारती, मागे वाळूचे डोंगर आणि ड्यूटी-फ्री खरेदी. लिहून झाल्यावर लक्षात आलं की नाव तेवढं बदललं तर हे आपल्या दुबईचंच वर्णन आहे. खोटं मात्र एक अक्षर नव्हतं. इकीके खरोखर तसंच आहे. पाऊसही आपल्याइतकाच पडतो, म्हणजे जवळजवळ नाही.

पहिलं बुकिंग दातारसाहेबांचं. दातार मूळचे पुण्याचे, दुबईत एका कंपनीत फायनान्सचे मोठे अधिकारी. बायको आणि मेहुण्यासह आले होते.

"एकवीस हजार दिरहम माणशी. म्हणजे झाले जवळजवळ पाच लाख," ते मोठ्याने म्हणाले. "आणि इकीकेला फ्री झोन आहे म्हणता?"

"आहे."

"आपल्या जेबेल अलीसारखा?"

"तसाच."

"मग बघायलाच हवा!"

निघायच्या आधी करामातल्या एका उडप्याच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर आम्ही सगळ्यांची मीटिंग घेतली. अशा मीटिंगमध्ये चिलीबद्दल कोणी काही विचारत नाही. दही मिळेल का, चहात आलं घालतील का, वायफाय केबिनमध्ये येतं का, कॅप्टनबरोबर फोटो फुकट असतो का, एवढेच प्रश्न. सगळ्यांची हौस फिटल्यावर मागच्या टेबलावरून एका म्हाताऱ्या माणसाने हात वर केला.

"मॅडम, बोटीवर साबण देतात की आपला न्यायचा?"

लोक हसले. म्हाताऱ्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागला.

हे मांडवकरकाका. गुहागरकडचे, सत्तरीचे, अंगाने काटक, उजव्या गुडघ्यात दोष. रास अल खैमात एका सिमेंटच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं राबले, शेवटी फोरमन झाले, रिटायर होऊन गावी गेले. गावी काकू वारल्या, तेव्हा मुलाने त्यांना दुबईला स्वतःच्या फ्लॅटवर आणलं. चौदावा मजला, खाली रस्ता, ओळखीचं कोणी नाही. मुलगा नीलेश आयटीत मॅनेजर, सून सायली, आणि नऊ वर्षांचा नातू विहान. काका त्याच्याशी मराठीत बोलत, तो इंग्लिशमध्ये उत्तर देई. "विहान, ताटातलं संपव रे बाळा." "आय अ‍ॅम फुल, आजोबा." दोघांचं छान चाललं होतं.

"मॅडम, बाबांनी आयुष्यात काही बघितलं नाही," नीलेश मला म्हणाला. "त्यांना सगळं दाखवायचंय." मग त्याने स्वतःसाठी आणि सायलीसाठी बाल्कनीची केबिन घेतली, आणि बाबा आणि विहानसाठी आतली, खिडकी नसलेली. बोटीवर तिसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, "खोली कशी आहे?"

"झकास," काका म्हणाले. "दोनच माणसं आहेत."

मला तेव्हा तो विनोद वाटला.

इकीकेला बोट सकाळी लागली. क्रूझचं बंदर म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सकाळी बोट दोन हजार माणसं किनाऱ्यावर ओतते आणि संध्याकाळी परत भरून घेते. जाता-येताना प्रत्येकाचं कार्ड मशीनवर वाजतं, त्यामुळे कोण बाहेर आहे ते बोटीला कळतं. बोर्डवर वेळ लिहिलेली असते: पाच वाजता सगळे आत, साडेपाचला बोट सुटणार. कोणी राहिलं तर बोट थांबत नाही. दोन हजार लोकांपुढे एक माणूस, असा तिचा हिशेब असतो.

त्या दिवशी दोन पर्याय होते. पहिला, बीच आणि फ्री झोनचा मॉल. दुसरा, वर वाळवंटात तासाभरावर असलेलं एक ओसाड गाव, खताला आणि दारूगोळ्याला लागणारा सोरा तिथे साठेक वर्षांपूर्वीपर्यंत काढत असत. अडतिसांपैकी सदतीस जणांनी मॉल म्हटलं. ओसाड गाव बघणारे एकटे काका.

"वाळवंट बघतो," ते म्हणाले. "ओळखीचं आहे."

गावाची बस आधीच ठरवलेली होती, ती रिकामी पाठवली असती तर ऑफिसने मला खाल्लं असतं. म्हणून मी जाहीर केलं की ही बस परत येताना मॉलवर थांबणार, शिवाय वरच्या थंड हवेत फोटो छान येतात. बावीस जण भरले. वर हवा थंड नव्हती. नीलेशचं कुटुंब बीचवर गेलं. काकांचा फोनही गेला, कारण विहानला त्यावर गेम खेळायचा होता.

ते गाव मी तीन वेळा पाहिलंय, आणि तीन वेळा पाहिलेल्या जागेबद्दल मला बोलायचा हक्क आहे. पत्र्याची गंजलेली छपरं, मध्ये चौक, एक थिएटर, पोहायचा लोखंडी तलाव, कोरडा. आणि बाजूला कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. सोरा बंद पडला, लोक निघून गेले, वाळवंटात काही कुजत नाही म्हणून सगळं तसंच उभं आहे. लोकल गाइड हे मन लावून सांगत होती.

"इथे एसी नव्हता का?" दातारांनी विचारलं.

बाकीच्यांनी पडक्या भिंतींना टेकून फोटो काढले. चाळीस मिनिटांत पहिला आवाज आला, "मॅडम, मॉल किती वाजता बंद होतो?" काका तेवढे खोल्यांच्या रांगेत फिरत होते. प्रत्येक दारातून आत डोकावायचे, मग पुढच्या. मला पाहून म्हणाले, "जरा विचारा ना, एका खोलीत किती माणसं?"

मी गाइडला विचारलं. एकट्या पुरुषांच्या खोल्यांत चार, कधी सहा.

"बरं होतं मग," काका म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.

एक वाजता बसमध्ये मोजलं. एकवीस. परत मोजलं. एकवीस. मी विचारलं, "कोण राहिलंय?"

"मांडवकर ना?" दातार पुढच्या सीटवरून म्हणाले. "ते मागे टॉयलेटमध्ये आहेत. मी बघितलं. चला आता, यल्ला!"

तिकडच्या बसमध्ये मागे टॉयलेट असतं. मी पाहिलं तर दार बंद होतं आणि वर लाल दिवा लागलेला होता. एकवीस आणि एक, बावीस. एका पुरुषाच्या टॉयलेटचं दार बाईने जाऊन काय वाजवायचं, असं मनात आलं. मी ड्रायव्हरला हात केला. बस निघाली. मॉलवर सगळे पांगले आणि ज्याचे त्याचे बोटीवर परतले, त्यामुळे पुन्हा मोजणं झालंच नाही. त्या टॉयलेटचा लाल दिवा महिनाभर बिघडलेला होता, सतत लागलेलाच असायचा, हे मला ड्रायव्हरने नंतर सांगितलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पावणेपाचला नीलेश माझ्या केबिनशी आला. त्या संध्याकाळी कॅप्टनची मेजवानी होती, त्यामुळे अंगात काळा सूट, गळ्यात बो. बाबांना कोट घालायला म्हणून सायली त्यांच्या केबिनवर गेली होती.

"मॅडम, बाबा कुठेत? आम्हाला वाटलं खाली झोपलेत."

आम्ही धावत बोटीच्या दाराशी गेलो. तिथल्या सिक्युरिटी ऑफिसरने यादी पाहिली. मांडवकर, सकाळी बाहेर, परत नाही. एक माणूस कमी. तो अतिशय नम्रपणे म्हणाला की बोट साडेपाचलाच सुटेल. असं झालं की बोटवाले त्या प्रवाशाचा पासपोर्ट तिजोरीतून काढतात आणि बंदरावरच्या एजंटच्या हातात देतात. एजंट खाली उभा होताच.

"माझाही काढा," मी म्हटलं. "मी उतरते."

नीलेश म्हणाला, "हो, तुम्ही गेलात तर... म्हणजे तुमचा ग्रुप आहे ना. आणि इन्शुरन्समध्ये हे कव्हर होतं का?"

तुमचे वडील आहेत, असं मी म्हटलं नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला तोंडावर काही म्हणत नाहीत. शिवाय त्यांना विसरून आले होते मी, त्याने नव्हे. वाटेत दातार भेटले, त्यांनाही कोट-टाय. मी म्हटलं, "दातारसाहेब, उद्यापर्यंत ग्रुप तुमच्या ताब्यात."

"माझ्या? अहो, मी सुट्टीवर आहे!"

"मी कामावर असून एक हरवला, तुम्ही सुट्टीवर असून सांभाळा," मी म्हटलं. हे वाक्य पुढे त्यांच्या तक्रारीत आलं.

मी शिडी उतरून धक्क्यावर पोहोचले आणि एजंटने बोलावलेल्या टॅक्सीत बसले, तेवढ्यात मागचं दार उघडलं. नीलेश. सूट, बो, चकचकीत बूट.

"चला," तो म्हणाला.

शहराच्या मागे डोंगर सरळ उभा आहे, रस्ता त्याच्या अंगावरून तिरका चढतो. वरच्या वळणावरून खाली समुद्र दिसला आणि आमची बोट. ती हलली होती. नीलेशने एकदा मागे वळून पाहिलं, मग बो सोडून खिशात घातला. तो समोर बघतच बोलायला लागला.

"मॅडम, बाबा राहायचे तो कामगारांचा कॅम्प मी कधी पाहिला नाही. दुबईहून तासाभराचा रस्ता, पण ते बोलवायचेच नाहीत. शारजात रोल्लाला यायचे महिन्यातून एकदा, तिथे भेटायचो, बिर्याणी खायचो, परत. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा कामासाठी रास अल खैमाला गेलो होतो. साहेबांच्या गाडीतून. कारखान्याच्या गेटशी कामगार बसची लाइन लागली होती. बाबा होते त्यात. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट. मी ओळखलं."

"मग?"

"साहेब बाजूला बसले होते."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अकरा वर्षं माणसं सांभाळून काय बोलायचं नसतं तेवढं शिकले होते.

सहा वाजून गेले होते, पण तिकडे उन्हाळ्यात सूर्य आठपर्यंत रेंगाळतो. गावाच्या फाटकाशी एक खुर्ची आणि एक उलटी बादली होती. खुर्चीवर काका, बादलीवर एक म्हातारा वॉचमन. त्याचं नाव लुइस, तो त्याच गावात जन्मलेला, गाव बंद पडलं तेव्हा लहान होता. दोघांमध्ये चहाचा थर्मास. दोघं मजेत गप्पा मारत होते.

भाषा कोणती, असं विचाराल, तर कोणतीच नाही. पण पाच तास माणसं गप्प बसू शकत नाहीत. काकांना कारखान्यातली अरबी येत होती. लुइसला फक्त स्पॅनिश. अरब लोक पूर्वी स्पेनमध्ये होते, तेव्हा थोडे शब्द मागे सोडून गेले. काका साखरेला "सुक्कर" म्हणाले, लुइस "असूकार" म्हणाला, आणि तिथून गाडी सुरू झाली. तेलाला हा "झैत", तो "असेइते". पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे पोर्तुगीजांनी कोकणात सोडलेले शब्दही कामाला आले. काका कमीज म्हणाले की तो कामीसा म्हणे. आणि पगार हा शब्द तर दोघांचा एकच होता. काकांनी मला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. आपण हरवलोय, बोट गेलीय, हे त्यांना जणू सांगायचंच राहिलं. लुइसने बस कंपनीला दोनदा फोन केला होता, कोणी उचलला नव्हता.

लुइसने नीलेशकडे बोट करून काहीतरी विचारलं. वाळवंटात सूट घालून आलेला माणूस त्याने बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा.

काका उठून उभे राहिले. परक्या माणसाशी बोलायची त्यांची भाषा हिंदी, त्यामुळे चिलीतल्या वाळवंटातही ते हिंदीतच म्हणाले, "मेरा लड़का. लेने आया है."

काकांनी नीलेशच्या कोटाच्या बाहीला धरलं. "ये, खोली दाखवतो."

आम्ही मागोमाग गेलो. रांगेतली एक खोली, मातीच्या भिंती, आत काही नाही. काका ती अशी दाखवायला लागले जसं स्वतःचं घर आहे. "हा खिळा बघ, इथे कपडे. हा खालचा, इथे डबा, मुंग्या येऊ नयेत म्हणून टांगायचा. इथे भिंत काळी आहे ना? स्टोव्ह. खोलीत स्टोव्ह लावायला बंदी असणार, तरी लावलेला आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" नीलेशने विचारलं.

"आम्हालाही बंदी होती."

नीलेशने त्या काळ्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाला, "बाबा, बस निघाली ते तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं की. गुडघा धरला होता, त्या पायरीवर बसलो होतो. इथून तिथे होती बस."

"मग हाक का नाही मारलीत?"

"निघालेल्या गाडीला हाक मारायची सवय नाही रे मला," काका म्हणाले.

नीलेश बाहेर गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्या दिवशी रास अल खैमात काकांनी साहेबांची गाडी पाहिली होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. नीलेशनेही विचारलं नसावं. मी काकांची माफी मागितली. दार वाजवलं नाही, ते सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो मॅडम, चहा चांगला होता."

इकीकेत एक हॉटेल मिळालं, सकाळी गाडी करून आम्ही उत्तरेला निघालो. पुढचं बंदर अरिका, रस्त्याने चार-पाच तास. पाचही तास वाळवंट. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसून डांबराचा दर्जा तपासत होते. दुपारी बोट गाठली. ग्रुपमधलं कोणी हरवलं नव्हतं, उपाशी राहिलं नव्हतं. कॅप्टनबरोबर सगळ्यांचे फोटो निघाले होते, आणि ते फुकट नव्हते, याबद्दल माझ्यावर राग होता.

दुबईला परतल्यावर दातारांची तीन पानी तक्रार माझ्या आधी ऑफिसात पोहोचली होती. टूर मॅनेजर सुमारे बावीस तास गैरहजर, मेजवानीच्या संध्याकाळी ग्रुप वाऱ्यावर, शिवाय उर्मट उत्तर. नीलेशने उलट मेल लिहिली, मॅडमनी माझ्या वडिलांसाठी बोट सोडली वगैरे. मॅनेजरने दोन्ही वाचल्या. आमचे मॅनेजर लेबनानचे, बोलायला फार गोड.

"यू आर लाइक माय सिस्टर," ते म्हणाले. "बट फील्ड, खलास."

लेखी खुलासा मागितला, तो मी एका ओळीत दिला: मोजताना एकवीस भरले आणि मी टॉयलेटचं दार वाजवलं नाही. दातारांचं नाव घातलं नाही. मोजायचा पगार मला होता, त्यांना नव्हता. आणि बोट सोडल्याचं कौतुक कोणी करू लागलं तर मला लाजच वाटते. एक दार वाजवलं असतं तर ती सोडावी लागली नसती. तीन वर्षं काउंटरवर बसून हे वाक्य मी मनात पुष्कळदा घोळवलं. दातार पुढच्या वर्षी नॉर्वेच्या बुकिंगला माझ्याच काउंटरवर आले. मी त्यांना खिडकीची सीट दिली.

टूरनंतर दीड महिन्याने, एका रविवारी सकाळी नीलेशचा फोन आला. "मॅडम, बाबांचा कॅम्प बघायला चाललोय. बाबा म्हणतात, मॅडमना विचार येतात का."

मी गेले. रास अल खैमाला कारखान्याच्या मागे तो कॅम्प अजून आहे. लांबलचक बैठ्या इमारती, तारेवर निळे गणवेश वाळत घातलेले. गार्ड आत सोडेना. काकांनी त्याच्याशी पाच मिनिटं अरबी-हिंदीत काय बोलणं केलं देव जाणे, त्याने फाटक उघडलं आणि काकांना सलाम ठोकला. काकांच्या जुन्या चौदा नंबरच्या खोलीत बिहारचे तिघं, नेपाळचे दोघं आणि एक साताऱ्याकडचा होता. एकावर एक अशा आठ खाटा होत्या. काहीजण कामावर गेले होते. आम्हाला बघून ते गडबडले, मग साताऱ्याच्या माणसाने चहा टाकला.

काका आत आले नाहीत. दाराबाहेर जुन्या मेसच्या आचाऱ्याची चौकशी करत राहिले. नीलेशने खालच्या एका खाटेकडे बोट दाखवून विचारलं, "बसू का?" आणि कडेला टेकून बसला. चहा प्यायला. मग बाहेर आवाज दिला, "बाबा, तुमची खाट कुठली? ही का?"

काका दारात आले. खोली पाहिली. "ती नव्हे. तिच्या वरची."

"असल्या गुडघ्याने वर चढत होतात? खालची मागून घ्यायची ना."

"खालची म्हाताऱ्या माणसाला द्यायची असते."

"आणि तुम्ही म्हातारे झालात तेव्हा?"

"तेव्हा माझ्याहून म्हातारा एकजण होता," काका म्हणाले.

नीलेशने कप खाली ठेवला. बूट काढले. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, लोखंडी शिडीला धरून वर चढला आणि त्या खाटेवर आडवा झाला. पाय बाहेर आले. छत त्याच्या नाकापासून हातभर होतं. बिहारी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

शेवटी काका आत आले. खाटेच्या कडेवर बोटाने दोनदा वाजवलं.

"उतर आता," ते म्हणाले. "ज्याची खाट आहे त्याची शिफ्ट सुटायची वेळ झाली. येईल तो, त्याला झोपायचं असेल."